पिसवांची खोली

मी पिसवांवर संशोधन करते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी जरासा मागे सरकतो आणि मग कुठेतरी खाजवायला लागतो. लग्नाच्या पंगतीत जागा मिळत नसेल तर मी हा उपाय करते, हटकून जागा होते. फुलपाखरांचा अभ्यास करणाऱ्यांची पेपरात फोटोसकट मुलाखत येते, मधमाश्यांवाल्यांना शेतकरी मेळाव्यात भाषणाला बोलावतात. पिसवांवालीला कोणी बोलावत नाही. ती स्वतःहून घरी आली तर तिला गादीवर बसवायचं की प्लास्टिकच्या खुर्चीवर, एवढाच विचार करतात.

माझं मत पहिल्यापासून असं आहे की ज्यांना पिसू किळसवाणी वाटते त्यांनी ती कधी भिंगाखाली धरलेली नाही. चिंचोक्यासारखा तांबूस, गुळगुळीत रंग. दोन्ही बाजूंनी चपटं अंग, केसांच्या दाटीतून सहज निसटता यावं म्हणून. आणि मागच्या पायांच्या मुळाशी रबरासारख्या पदार्थाची इवलीशी उशी. ती दाबून धरायची आणि एकदम सोडायची, हेच तिच्या उडीचं गुपित. आपण एवढे मोठे हातपाय घेऊन जन्माला आलो आणि साधी एसटी पकडताना धापा टाकतो.

पण पिसवांशी माझी पहिली ओळख भिंगाखाली झाली नाही, घराच्या उंबऱ्यावर झाली. आम्ही गंगापूर तालुक्यातले. दिवाळी झाली की आईवडील आम्हा भावंडांना घेऊन ऊसतोडीला जायचे आणि घराला कुलूप लागायचं. उन्हाळा पुरता तापला की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आम्ही बैलांसकट परत यायचो. आल्या आल्या घरात शिरायचं नाही, अशी वस्तीची रीत होती. सामान विहाराच्या ओट्यावर उतरायचं, पोरांनी तिथेच बसायचं. आई अंगणात मांडलेल्या चुलीवर कडुनिंबाचा पाला टाकून पाणी उकळायची, ते घमेल्यात ओतून दारापाशी ठेवायची आणि लुगडं गुडघ्यापर्यंत खोचायची.

"आदी मी जाते. तुमी भाईर ऱ्हावा," एवढंच ती म्हणायची.

मग मुसळ घेऊन त्या अंधाऱ्या घरात ती एकटी शिरायची. आतून दणादण मुसळ आपटल्याचा आवाज यायचा. थोड्या वेळाने ती बाहेर यायची तेव्हा तिच्या पोटऱ्या काळ्या दिसायच्या. घमेल्यातल्या पाण्यात पाय बुडवून ती उभी राहायची, पाण्यावर पिसवांचा थर जमायचा, आणि ती पुन्हा आत जायची. भुकेल्या पिसवांनी आधी आपल्याला चावून घ्यावं, म्हणजे पोरांना चावायला फारशा उरणार नाहीत, असा तो सरळ हिशेब होता. ऊसतोडीहून परतलेल्या प्रत्येक घरात हेच चालायचं आणि आत पहिल्यांदा जाणारी प्रत्येक घरात बाईच असायची. पुरुषांना बैलांची तहान नेमकी त्याच वेळी आठवायची.

एकदा मी आईला विचारलं, घर इतके महिने बंद होतं, मग या पिसवा कुणाचं रक्त पिऊन जगल्या? आई पोटऱ्या चोळत म्हणाली, "त्या कशाला कुणाचं पितील? मातीतनं उपजत्यात त्या. आपला पाय पडला की उपजत्यात."

यातलं पहिलं साफ चूक होतं. मातीतून काहीही उपजत नाही, हे पुढे मला पहिल्याच वर्षाच्या पुस्तकात कळलं. पण पाय पडला की उपजतात, या दुसऱ्या वाक्यावर मी माझी सगळी उमेद लावली. पिसवेची अळी स्वतःभोवती चिकट कोश विणते. त्याला धूळ आणि वाळूचे कण चिकटतात, मग समोर ठेवला तरी तो कोश आहे हे कुणाला कळत नाही. आत पिसू पूर्ण वाढून तयार होते, पण लगेच बाहेर येत नाही. बाहेर आली आणि रक्त मिळालं नाही तर मरेल, हे जणू तिला ठाऊक असतं. ती आतच बसून राहते. जमिनीला हादरा बसला, अंगाची ऊब जवळ आली, श्वास लागला, की मगच कोश फोडून उडी मारते. आमच्या घरात नेमकं हेच होत होतं, असं माझं म्हणणं होतं. म्हणजे मराठवाड्याच्या कोरड्या, भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यातसुद्धा पिसवा जमिनीच्या भेगांत, कोशात, उपाशी जिवंत राहत होत्या.

हे म्हणणं एका माणसाला मुळीच पटत नव्हतं, आणि तो माणूस साधासुधा नव्हता. पिसवांच्या बाबतीत त्यांचा शब्द अखेरचा. त्यांनी फार पूर्वी लिहून ठेवलं होतं की आमच्याकडच्या कोरड्या उष्णतेत कोश टिकूच शकत नाहीत. इथल्या पिसवा दर पावसाळ्यात कुत्र्यामांजरांच्या अंगावरून नव्याने येतात. एका परिषदेत मी माझं म्हणणं मांडलं तेव्हा ते अगदी प्रेमाने म्हणाले होते की लहानपणीच्या आठवणी सुंदर असतात, पण त्या पुरावा नसतात. सगळे हसले. मीही हसले, आणि बसमध्ये बसल्यावर जालन्यापर्यंत रागाने एक शब्द बोलले नाही.

तोवर मी शहरातल्या एका जुन्या कॉलेजात शिकवायला लागले होते. इमारतीच्या मागे दगडी भिंतींची एक खोली होती, पूर्वी कधीतरी तिथे घोडे बांधत. ती मी मागून घेतली आणि आतली जमीन गावातल्या घरासारखी करून घेतली. माती चोपली, शेणाने सारवली, वाळल्यावर भेगा पडू दिल्या. विभागप्रमुख दारात उभे राहून म्हणाले, मॅडम, लोक गाव सोडून कॉलेजात येतात, तुम्ही गावच कॉलेजात आणलंत. शेजारच्या लहानशा प्रयोगशाळेत माझ्या पिसवा वाढायच्या. त्यांच्यासाठी मटणाच्या दुकानातून स्टीलच्या डब्यात बोकडाचं रक्त आणायचं, कोमट करायचं, वर पातळ पडदा ताणायचा, की पिसवा त्या पडद्यातून सोंड खुपसून पोट भरायच्या. माझा डबा स्टाफरूमच्या टेबलावर ठेवायला मला सक्त मनाई होती.

त्याच खोलीवर माझ्या मैत्रिणीचाही डोळा होता. ती खुलताबादची, माझी होस्टेलपासूनची जोडीदारीण, आणि रेशीमकिड्यांची अभ्यासक. तिच्या घरच्या शेतात तुती होती, घरात उर्दू आणि बाजारात मराठी. माझ्याशी भांडायचं असलं की मात्र दख्खनी. तिचे किडे वरच्या पत्र्याच्या खोलीत उकाड्याने पटापट मरत होते. मागची दगडी खोली थंड होती, तिला ती हवी होती, आणि तिचं मागणं वाजवी होतं. रेशमातून पैठणी होते, माझ्या पिसवांतून खाज. प्राचार्यांनी कोणाची बाजू घ्यायची हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तरी त्यांनी मला एक संधी दिली. त्या मोठ्या तज्ज्ञांनाच बोलवायचं. त्यांच्यासमोर मी माझं म्हणणं सिद्ध केलं तर खोली माझी, नाहीतर पावसाळ्यापासून रेशमाची. खोली गेली की शेजारची प्रयोगशाळाही जाणार, म्हणजे पिसवाही गेल्या, कारण दुसऱ्या कुठल्याच विभागात त्यांना कोणी पाय ठेवू देणार नव्हतं. आणि पिसवा गेल्या की उरलेली सगळी नोकरी मी पोरांना झुरळ चिरायला शिकवत काढणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. झुरळाबद्दल माझी तक्रार नाही. पण मी त्याच्यासाठी जन्माला आले नव्हते.

होळीच्या सुमारास मी माझ्याकडचे कोश त्या खोलीतल्या भेगांत पसरले. खिडक्यांना बारीक जाळी ठोकली, दाराच्या फटी बुजवल्या. विभागप्रमुखांनी माझ्यादेखत कुलूप घातलं आणि त्यावर लाखेचं सील मारलं, म्हणजे आत मांजर सोडलं असं कोणी म्हणायला नको. मग उन्हाळा सुरू झाला. आमच्या शहरातला उन्हाळा कसा असतो हे इथल्यांना सांगायची गरज नाही. त्या वर्षी कावळेसुद्धा नळाखाली बसून असायचे. मी रोज त्या खोलीवरून जायची आणि दगडी भिंतीला हात लावून बघायची. कधी गार लागायची, कधी नाही. ज्या दिवशी नाही लागायची त्या दिवशी जेवण जायचं नाही.

तज्ज्ञ आले तेव्हा पाऊस अजून यायचा होता. विभागप्रमुख त्यांना चिकलठाण्याच्या विमानतळावरून घेऊन आले, वाटेत उसाचा रसही पाजला. पाहुणा म्हटलं की आमच्या सरांच्या अंगात येतं. वर्गातच छोटा सत्कार ठेवला होता, त्या घामाच्या धारांत पाहुण्यांच्या खांद्यावर जाड लोकरी शाल घातली गेली आणि ती त्यांनी निमूटपणे सोसली. मग आम्ही सगळे मागच्या खोलीकडे निघालो, आणि तिथे जे दिसलं त्याची मला काहीच कल्पना नव्हती. पाहुण्यांना उकाडा होऊ नये म्हणून सरांनी प्राचार्यांच्या दालनातला भलामोठा लोखंडी कूलर आणून व्हरांड्यात, बरोबर दाराच्या तोंडाशी ठेवला होता. ताजा वाळा, टाकी भरलेली, जोडीला बर्फही टाकलेला.

सील सगळ्यांना दाखवून फोडलं, दार उघडलं, कूलर सुरू झाला. पाहुण्यांनी सवयीने उंबऱ्याबाहेर बूट काढले. त्यांनी काढले म्हणून प्राचार्यांनी काढले, मग सरांनी, मग सगळ्यांनी. देवळात शिरावं तशी ती सगळी मंडळी मोज्यांवर, अलगद पावलं टाकत आत आली. कोणी मोठ्याने बोलेना. मी जमिनीवर पांढरं कापड पसरलं आणि वाट बघत उभी राहिले.

काहीच झालं नाही.

कूलरचं गार वारं अंगावरून जात होतं. कापड पांढरंशुभ्र होतं. कोणीतरी घड्याळात पाहिलं. मी खाली वाकले, एका भेगेवर फुंकर घातली, पण ती फुंकर माझ्याच तोंडासमोरून वाऱ्याने उडून गेली. पाहुणे माझ्याकडे बघून हळुवारपणे म्हणाले, "बाई, वाईट वाटून घेऊ नका. घर रिकामं आहे." त्यांच्या स्वरात खवचटपणा नव्हता, हेच मला जास्त लागलं. डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांसमोर रडायचं नाही म्हणून मी खाली बघितलं, तर माझे स्वतःचे अनवाणी पाय दिसले. थंडगार, अलगद टेकलेले.

आणि मला आईचं मुसळ आठवलं.

आई कधी त्या घरात चोरपावलांनी शिरली नव्हती. आम्ही काय केलं होतं? बूट काढून हादरा घालवला होता, श्वास वाऱ्याने पळवला होता, अंगाची ऊब बर्फाने मारली होती. पिसवेला ज्या तीन गोष्टींवरून माणूस आला हे कळतं, त्या तिन्ही आम्ही पाहुणचारात घालवल्या होत्या. मी सरांना म्हणाले, कूलर बंद करा. सर म्हणाले, पाहुण्यांना घाम येतोय. मी म्हणाले, तोच तर हवाय मला. एवढ्या वरच्या पट्टीत मी सरांशी त्याआधी कधी बोलले नव्हते. सर गांगरले. शेवटी पाहुणेच म्हणाले की बाई म्हणतात तर करा बंद, मी काही विरघळत नाही.

कूलर थांबला आणि त्या खोलीत एकदम उकाडा दाटला. मुसळ कुठून आणणार? मी साडीचा पदर कमरेला खोचला आणि पाय आपटायला लागले. चाळिशी उलटलेली बाई, सगळ्या विभागासमोर, एकटीच थयथय नाचत होती. दोघं-तिघं हसले. पण एका बाईचं वजन ते किती, नि दणका तो केवढा! दगडी खोलीला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

तेवढ्यात माझी मैत्रीण पुढे आली. मी हरले तर खोली तिची होती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तिने ओढणी कमरेला बांधली आणि दोन्ही हात पुढे केले.

"फुगडी अकेली नै खेलते," ती म्हणाली. "हात दे."

होस्टेलच्या गच्चीवर नागपंचमीला मीच तिला फुगडी शिकवली होती. आम्ही हात गुंफले, पाय जुळवले, मागे झुकलो आणि फिरायला लागलो. सुरुवातीला हळू, मग जोरात. टाचा जमिनीवर धडाधडा आदळत होत्या. सारवणाची धूळ उडाली, भिंती गरगरल्या, आम्ही दोघी भात्यासारख्या धापा टाकत होतो आणि कोण जाणे का, हसत होतो. प्राचार्य भिंतीला चिकटले होते. सर काहीतरी म्हणत होते, ते ऐकूच आलं नाही. मी मनातल्या मनात पिसवांना म्हणत होते, बायांनो, आले मी, उठा आता.

आधी ओरडली ती मैत्रीण. आम्ही थांबलो. तिच्या पांढऱ्या सलवारीवर घोट्यापाशी काळे ठिपके होते, आणि ते ठिपके वर चढत होते. मग कापडावर बघितलं. तीळ सांडावेत तसं ते भरलं होतं आणि तीळ उड्या मारत होते. माझ्या पोटऱ्यांवर मुंग्या चालल्यासारखं झालं, मी साडी जराशी वर केली, आणि मला ते दृश्य ओळखीचं होतं. आईच्या पोटऱ्या अशाच दिसायच्या. मंडळींनी दाराकडे धाव घेतली, व्हरांड्यात कोणाचा बूट कोणाच्या पायात गेला याचा पत्ता नव्हता. प्राचार्य सर्वांत आधी बाहेर पोचले.

पाहुणे मात्र हलले नाहीत. त्यांच्या पांढऱ्या मोज्यांवर पिसवा चढत होत्या. ते शांतपणे खाली बसले, खिशातून भिंग काढलं, मोज्यावरची एक पिसू नळीत पकडली आणि दाराच्या उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले.

"पोट सपाट आहे," ते म्हणाले. "हिने अजून एकदाही रक्त प्यायलेलं नाही. ही इथेच, कोशात होती." मग भिंग खाली ठेवून त्यांनी पोटरी खाजवली आणि माझ्याकडे बघितलं. "मी लिहिलं ते चुकीचं होतं, बाई. ते मी माझ्या हाताने दुरुस्त करीन. आणि तुमचं नाव घालून करीन."

मैत्रिणीने माझ्या पाठीत एक धपका मारला आणि कानात सांगितलं की आता मला बिर्याणी खायला घाल, नाहीतर हे सगळे किडे तुझ्या गादीत सोडीन. इतका आनंद मला लग्नात झाला नव्हता आणि पीएचडी मिळाली तेव्हाही झाला नव्हता. घोडे बांधायच्या त्या जुन्या खोलीत, शेणाच्या धुळीत, चावून चावून लाल झालेल्या पायांनी मी उभी होते आणि मला वाटत होतं की मी काहीही करू शकते.

खोली माझ्याकडेच राहिली. तज्ज्ञांनी शब्द पाळला, आणि पुढे त्यांचे विद्यार्थी माझ्याकडे शिकायला यायला लागले. बंद घरात पुन्हा राहायला जाण्याआधी काय करावं याचं साधं माहितीपत्रक आम्ही ऊसतोड वस्त्यांसाठी काढलं: आधी बाईने आत जायचं नाही, आधी कोशांवरचं औषध जाईल. पिसवांना न मानवलेला तो कूलर काही प्राचार्यांच्या दालनात परत गेला नाही. पाहुण्यांनीच सुचवलं म्हणून तो वरच्या पत्र्याच्या खोलीत गेला. रेशीमकिड्यांना गारवा आणि ओलावा दोन्ही लागतात, त्यांना तो फार मानवला. मैत्रिणीने पहिलं सूत काढलं तेव्हा त्यातला एक धागा माझ्या मनगटाला बांधला.

पण त्या दिवसाबद्दल सांगायचं ते अजून राहिलंच. संध्याकाळी मी घरी गेले. आई आता माझ्याकडेच राहते. तिला मी या प्रयोगाबद्दल फारसं सांगितलं नव्हतं, उगाच तिचा जीव टांगणीला लागला असता. मी चपला काढल्या आणि तिची नजर माझ्या पोटऱ्यांवर गेली. ती उठली, खालच्या झाडाचा कडुनिंबाचा पाला ओरबाडून आणला, गॅसवर पाणी उकळलं, बादलीत ओतलं, हात घालून कोमट झालंय का बघितलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मी पाय बुडवले. ती समोर बसून माझ्या पोटऱ्यांवर पाणी घालत राहिली. ती घमेल्यात उभी असायची तेव्हा तिच्या पायांवर असं पाणी कोणी घातलं नव्हतं, हे मला त्या क्षणी कळलं आणि दिवसभर न आलेलं रडू तेव्हा आलं.

आईने मला रडू दिलं. मग तिने विचारलं, "कुणाच्या घरात आदी गेलतीस गं?"

मी म्हणाले, "माझ्याच."

तिने मान हलवली, आणि दुसऱ्या पायावर पाणी घालायला लागली.